प्रवेशतयारी वर्ग आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल : दादरमधील एका सेवेचे परीक्षण

नर्सरीच्या प्रवेशासाठी दोन-अडीच वर्षांच्या मुलांची तयारी करून घेणारे वर्ग आता दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवली अशा भागांत सहज सापडतात. त्यांपैकी दादर पश्चिमेच्या एका वर्गात आमची डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत जात होती. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या दोषाविषयी मला प्रामुख्याने लिहायचे आहे तो या एकाच वर्गापुरता नाही. चौकशीसाठी ज्या ज्या ठिकाणी गेलो, त्यांपैकी एकाही ठिकाणी आम्हाला मुलीचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे हे आपणहून विचारले गेले नाही. अर्जावर जन्मतारखेचा रकाना सगळीकडे होता. पण तो भरून झाल्यावर त्या तारखेचा पुढे कोणी काही उपयोग केला नाही. या परीक्षणात मी वर्गाच्या इतर बाजूंविषयीही सांगेन, पण त्याचा मोठा भाग याच प्रश्नावर खर्च होईल, आणि तो व्हायलाच हवा असे मला वाटते.

तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क ३०,००० रुपये होते. त्यात आठवड्यातून दोनदा दीड तासाचा वर्ग, शनिवारी सराव मुलाखत, दर महिन्याला प्रगतिपत्रक आणि पालकांसाठी अर्ज, कागदपत्रे व पालकांच्या मुलाखतीविषयी एक सविस्तर बैठक, एवढे येत असे. एका तुकडीत आठ मुले आणि दोन शिक्षिका असत. पहिल्या मजल्यावरची जागा हवेशीर व स्वच्छ होती आणि मुलांच्या उंचीचे हात धुण्याचे बेसिनही तेथे होते.

शिक्षिकांविषयी चांगलेच लिहावे लागेल. आईबाबांना सोडून अनोळखी खोलीत बसणे हा या वयाच्या मुलांसाठी सर्वांत कठीण प्रसंग असतो आणि तो त्यांनी फार समजूतदारपणे हाताळला. रडणाऱ्या मुलाला ओढून आत नेले जात नसे. पहिल्या आठवड्यात पालकाने दाराशी बसावे, पुढे हळूहळू बाहेरच्या खोलीत जावे, अशी त्यांची रीत होती. मुलीला त्या जागेची भीती कधी वाटली नाही. पालकांची बैठकही उपयुक्त होती. कोणत्या शाळेचे अर्ज साधारण कोणत्या महिन्यात निघतात, जन्मदाखल्यावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त का करून घ्यावा, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्त्याचा कोणता पुरावा जोडावा, ही माहिती अचूक होती आणि तिच्यामुळे आमचे काही हेलपाटे निश्चित वाचले.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रातील राज्यमंडळाच्या शाळांत नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण होणे आवश्यक असते. म्हणजे जून २०२६ मध्ये नर्सरीत जाणाऱ्या तुकडीत साधारणपणे १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात जन्मलेली मुले येतात. मुंबईतल्या मागणी असलेल्या कित्येक खासगी शाळांची प्रक्रिया मात्र जूनमध्ये होत नाही, ती आदल्या हिवाळ्यातच उरकते. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर मुलाखतीच्या खोलीत शिरणारे जानेवारीतले मूल चौतीस महिन्यांचे असते आणि डिसेंबरच्या मध्यावर जन्मलेले मूल तेवीस महिन्यांचे. मोठ्यांच्या जगात अकरा महिन्यांचे अंतर कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण येथे एक मूल दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट जगलेले असते. या दोघांना एकाच गालिच्यावर बसवून, तेच चित्र दाखवून, तोच प्रश्न विचारायचा आणि मग एकाला ‘चुणचुणीत’ व दुसऱ्याला ‘अजून तयार नाही’ म्हणायचे, हे बुद्धीचे किंवा संस्कारांचे मोजमाप होऊ शकत नाही. येथे मोजला जातो तो बहुतांशी कॅलेंडरवरचा महिना.

ज्या वर्गाचे कामच या मुलाखतीची तयारी करून घेणे हे आहे, त्याला हे गणित इतरांआधी समजायला हवे. प्रत्यक्षात आमच्या हाती पडलेल्या प्रगतिपत्रकावर सर्व मुलांसाठी एकच यादी होती : स्वतःचे नाव सांगणे, चार रंग ओळखणे, एक ते दहा अंक म्हणणे, मणी ओवणे, पेन्सिल बोटांच्या चिमटीत धरणे, चित्र पाहून वाक्य बोलणे, पालकांशिवाय शांत बसणे. प्रत्येक बाबीपुढे तुकडीची सरासरी आणि आपल्या मुलाचे गुण छापलेले असत. आमच्या मुलीच्या बहुतेक बाबींपुढे ‘सरासरीपेक्षा कमी’ असा शेरा होता. ज्या तुकडीत बहुतेक मुले वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत जन्मलेली आहेत, तिच्या सरासरीखाली सर्वांत धाकटे मूल असणारच. ते तसे नसते तर आश्चर्य वाटायला हवे होते. पण शेऱ्याखाली हे स्पष्टीकरण नव्हते. त्याऐवजी ‘घरी अधिक सराव घ्यावा’ अशी सूचना होती.

ही यादी मी अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहकार्याने २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या विकासटप्प्यांशी ताडून पाहिली. ज्या गोष्टी त्या त्या वयाची किमान ७५ टक्के मुले करू शकतात, त्याच त्या सूचीत घेतल्या आहेत. दोन वर्षांच्या मुलाकडून तेथे दोन शब्द एकत्र बोलण्याची अपेक्षा आहे. विचारल्यावर स्वतःचे नाव सांगणे, मोठे मणी ओवणे आणि पालक निघून गेल्यावर दहा मिनिटांत शांत होणे हे टप्पे तीन वर्षांचे आहेत. काही रंगांची नावे सांगणे आणि पेन्सिल मुठीत न धरता बोटांत धरणे चार वर्षांचे. दहापर्यंत मोजणे पाच वर्षांचे. म्हणजे वर्गाच्या यादीतली एकही गोष्ट तेवीस महिन्यांच्या मुलाकडून अपेक्षित नव्हती, आणि निम्म्याच्या आसपास गोष्टी तर तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाकडूनही अपेक्षित नव्हत्या. काही मुलांना त्या आधी येतात आणि त्यात कौतुकच आहे. पण त्या न येणे ही उणीव ठरवून पालकांच्या हातात छापील कागद देणे गंभीर आहे. तो कागद घेऊन घरी जाणारे आईबाबा त्या रात्रीपासून मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. आजी-आजोबांपर्यंत ती काळजी पोचते, आणि जेवताना, अंघोळीच्या वेळी, बसमध्ये मुलाला रंग विचारले जाऊ लागतात.

यात भाषेचाही प्रश्न मिसळलेला आहे. मराठी घरातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी बहुधा वर्गात आल्यावरच नियमितपणे पडू लागते. सराव मुलाखती इंग्रजीत होत आणि मराठीत दिलेले बरोबर उत्तर गुणांत धरले जात नसे. ज्याची पहिली भाषाच अजून दोन शब्दांच्या टप्प्यावर आहे त्याच्याकडून दुसऱ्या भाषेत वाक्याची अपेक्षा करणे म्हणजे धाकट्या मुलावर दुहेरी भार टाकणे होय. मोठे मूल निदान पहिल्या भाषेत स्थिरावलेले असते. वर्गाने उत्तर कोणत्याही भाषेत मान्य करून पुढे इंग्रजी शब्दाची ओळख करून दिली असती, तर कोणाचेच नुकसान झाले नसते.

वर्गाच्या संचालिकांची आम्ही वेळ घेऊन भेट घेतली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यांचे म्हणणे असे : “ताई, तुमचं गणित बरोबर आहे. पण शाळा वय बघत नाहीत, समोर बसलेलं मूल बघतात. मी इथे सूट दिली तर तिथे ते मूल मागे पडेल.” या उत्तरात व्यवहाराचा भाग आहे हे मान्य करूनही ते मला पटले नाही. शाळा काय करतात हे वर्गाच्या हाती नसेल, पण प्रगतिपत्रक पूर्णपणे वर्गाच्याच हाती आहे. त्यावर मुलाचे वय महिन्यांत लिहिणे, तुलना तीन-चार महिन्यांच्या फरकाच्या मुलांशीच करणे आणि पालकांना पहिल्याच दिवशी हा फरक समजावून सांगणे, या तिन्ही गोष्टींना एक रुपयाही जास्त लागत नाही. पुढच्या महिन्यापासून पत्रकावर वय लिहिले जाऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या मुलांची स्वतंत्र तुकडी करण्याची विनंती मात्र पुरेशी मुले नसल्याचे सांगून त्यांनी नाकारली.

वर्गाच्या बैठकीत कायद्याविषयी एक शब्दही निघाला नाही, याचे मला विशेष वाईट वाटले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे; पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यादृच्छिक पद्धतीखेरीज, म्हणजे सोडतीसारख्या मार्गाखेरीज, एका मुलाला दुसऱ्यापेक्षा अग्रक्रम देणारी कोणतीही निवडपद्धत कायद्यातल्या ‘चाळणी’च्या व्याख्येत येते. तरीही मुलाखती टिकून आहेत याची दोन कारणे मला दिसतात. कायद्यातले ‘बालक’ ६ ते १४ वर्षांचे आहे आणि मुंबईतली खरी निवड त्याच्या आधी, नर्सरीत होते. एकदा आत गेलेले मूल पहिलीत आपोआप जाते. दुसरे म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला, आणि मुंबईतल्या जुन्या व नावाजलेल्या शाळांपैकी बऱ्याच अशा संस्थांच्या आहेत. प्रवेशाच्या तयारीसाठी पैसे घेणाऱ्याने पालकांना एवढी माहिती तरी द्यायला हवी, म्हणजे मुलाखतीला ‘इंटरॅक्शन’ म्हटल्याने तिचे स्वरूप बदलत नाही हे त्यांना कळेल आणि कोणत्या शाळेत प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे हेही कळेल.

डिसेंबरमधली मुले नेहमीच धाकटी होती असे नाही. राज्यात पूर्वी वय ३० सप्टेंबरला मोजले जाई. १८ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही तारीख ३१ डिसेंबर करण्यात आली. जुन्या नियमात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल पुढच्या वर्षीच्या तुकडीत जाई आणि तेथे ते सर्वांत मोठ्यांपैकी एक असे. नव्या नियमात तेच मूल आदल्या तुकडीत बसू शकते आणि तेथे ते सर्वांत धाकटे ठरते. वर्ष वाचले असे म्हणून अनेक घरांत आनंद झाला, आणि ज्या शाळेत सोडत आहे किंवा येईल त्याला प्रवेश आहे तेथे तो रास्तही आहे. जेथे दोन वर्षांच्या मुलाला समोर बसवून निवडले जाते, तेथे मात्र या वाचलेल्या वर्षाची किंमत मूल मोजते.

ही किंमत मुलाखतीपुरती राहत नाही, असे संशोधन सांगते. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युए या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अनेक देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात, वर्गातली सर्वांत धाकटी मुले सर्वांत मोठ्या मुलांच्या तुलनेत चौथीत ४ ते १२ पर्सेंटाइल, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत तेवढ्या जागा, आणि आठवीत २ ते ९ पर्सेंटाइल मागे आढळली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्येही शाळेच्या वयाची तारीख आपल्यासारखीच ३१ डिसेंबर आहे. तेथील २०१२ मधल्या अभ्यासात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना, जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत, अवधानाच्या विकाराचे म्हणजे एडीएचडीचे निदान होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक दिसले. धाकटेपणाला आजाराचे नाव मिळण्याची शक्यता यातून दिसते. ज्या वर्गात अडीच वर्षांच्या आतल्या मुलांपुढे ‘चंचल’ असा शेरा लिहिला जातो, तेथे हे आकडे भिंतीवर लावावेत अशी माझी इच्छा आहे.

यावर उपाय नाही असे नाही. इंग्लंडमध्ये ग्रामर शाळांसाठी, म्हणजे परीक्षेने मुले निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी, अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या प्रवेशपरीक्षेत बहुतेक ठिकाणी गुण वयानुसार प्रमाणित केले जातात, म्हणजे त्या दिवशी मुलाचे नेमके वय काय होते हे गुणांत धरले जाते. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि जानेवारी ते १ एप्रिलपर्यंत जन्मलेली मुले तेथे धाकटी ठरतात. टोकियोतील त्सुकुबा विद्यापीठाशी संलग्न प्राथमिक शाळेला प्रचंड मागणी असते. ती शाळा अर्जदार मुलांचे जन्ममहिन्यांनुसार तीन गट करते : एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च, आणि निवड त्या त्या गटात होते. स्पर्धा तेथेही कठोरच आहे, पण मार्चमधल्या मुलाला एप्रिलमधल्या मुलाशी झुंजावे लागत नाही. मुंबईतल्या एखाद्या शाळेने एवढे केले तरी तयारीवर्गांना आपली यादी बदलावी लागेल.

तोपर्यंत पालकांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. जानेवारी ते एप्रिलमधल्या मुलांच्या पालकांनी या वर्गाचा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. वर्गात जे शिकवले जाते त्यातले बरेचसे ती मुले घरी, पाळणाघरात किंवा बागेत शिकलेली असतात. मेपासून ऑगस्टपर्यंतच्या मुलांना, विशेषतः जी आईबाबांशिवाय कोठे राहिलेली नाहीत त्यांना, शिक्षिकांच्या हाताळणीचा फायदा होईल. सप्टेंबरनंतरच्या मुलांसाठी, सध्याच्या पद्धतीत, मी हा वर्ग सुचवणार नाही. पालकांची बैठक स्वतंत्रपणे मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. आम्हाला ती वेगळी मिळत नसल्याचे सांगण्यात आले होते.

शाळा निवडतानाही तारखा पाहाव्यात. केंद्रीय विद्यालयांत पहिलीचे वय ३१ मार्चला मोजले जाते आणि निवड सोडतीने होते. त्या हिशेबात डिसेंबरमधले मूल सर्वांत धाकटे नसते, जानेवारी ते मार्चमधली मुले त्याच्या मागे असतात. अर्थात तेथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असल्याने पवई किंवा कुलाब्याच्या विद्यालयात इतरांना फार थोड्या जागा उरतात. महापालिकेने २०२१ मध्ये सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या तेव्हा प्रवेश सोडतीने दिले. शिक्षणहक्क कायद्याखाली वंचित व दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांसाठीही ऑनलाइन सोडतच असते आणि तेथे नर्सरीसाठी वयाची वरची मर्यादा ४ वर्षे ५ महिने ३० दिवस अशी असल्याने, जुलै ते डिसेंबरमधल्या पात्र मुलांना दोन वर्षे अर्ज करता येतो. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

आम्ही मुलीला एक वर्ष थांबवायचे ठरवले आहे. हा उपाय सर्वांना सांगावा असे मला वाटत नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात एका वर्षाचे पाळणाघर म्हणजे मोठा खर्च असतो, सर्वच शाळा मोठ्या वयाचे मूल घेत नाहीत आणि आमची मुलगी मोठ्यांत गेली की दुसऱ्या कोणाचे तरी मूल तिच्या तुलनेत धाकटे ठरते. आम्हाला ते शक्य झाले, एवढेच.

वर्ग मध्येच सोडण्याचा निर्णय कळवल्यावर उरलेल्या महिन्याचे शुल्क परत मिळाले नाही, पण ते पुढील वर्षात वापरता येईल असे लेखी पत्र मिळाले. प्रवेश घेतानाच ही अट लेखी मागून घ्यावी, आणि सोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : तुकडीतल्या इतर मुलांचे जन्ममहिने कोणते आहेत आणि प्रगतिपत्रकातली सरासरी कोणत्या मुलांची आहे.